चौऱ्याऐंशी लाखांचा हिशोब



पर्युषण जवळ आलं की मोबाइलवर एक मेसेज हमखास फिरतो. आपल्या शास्त्रात चौऱ्याऐंशी लाख जीवयोनी सांगितल्या आहेत आणि आता विज्ञानानेही पृथ्वीवर सत्त्याऐंशी लाख प्रकारचे जीव असल्याचं मान्य केलंय, अशा अर्थाचा. खाली हात जोडलेले, वर कमळ. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर तर एकाच दिवशी तीनदा येतो.

त्यातला विज्ञानाचा आकडा खोटा नाही. २०११ साली कॅमिलो मोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अंदाज प्रसिद्ध केला होता. ८७ लाख, तेरा लाख इकडे किंवा तिकडे. पण मी पडले कॉमर्सची. शेवटची बेरीज जुळली म्हणून हिशोब जुळला, असं आम्हाला कधी कुणी शिकवलं नाही. आधी वरच्या रकमा बघायच्या असतात.

तर चला, वरच्या रकमा बघू. प्रतिक्रमणात 'सात लाख' आपण सगळ्याच म्हणतो. पृथ्वीकाय सात लाख, अप्काय सात, तेउकाय सात, वाउकाय सात, हे झाले अठ्ठावीस. प्रत्येक वनस्पती दहा आणि साधारण वनस्पती चौदा, म्हणजे बावन्न. बेइंद्रिय, तेइंद्रिय, चौरिंद्रिय दोन-दोन लाख, अठ्ठावन्न. देव चार, नारकी चार, तिर्यंच पंचेंद्रिय चार, सत्तर. आणि मनुष्य चौदा लाख. चौऱ्याऐंशी, बरोबर.

आता मोरांच्या आकड्यात काय आहे? सुमारे ७७ लाख प्राणी, बाकी वनस्पती, बुरशी वगैरे. देव नाहीत, नारकी नाहीत, माती-पाणी-अग्नीचे जीव नाहीत. आणि माणूस? आपल्याकडे चौदा लाख, त्यांच्याकडे फक्त एक. म्हणजे एकही खातं जुळत नाही, फक्त तळाची बेरीज जवळपास आली आहे. मुळात योनी म्हणजे उत्पत्तिस्थान, वर्ण-गंध-रस-स्पर्शाच्या फरकाने मोजलेलं. शास्त्रज्ञ मोजतात ती जाती. दोन दुकानांच्या वह्यांची बेरीज योगायोगाने सारखी आली, तर कुणी एका वहीवरून दुसरी पास करत नाही.

मेसेज पाठवणाऱ्यांचा भाव चांगला असतो, हे मला माहीत आहे. पण त्यामुळे आपल्या वहीत खरं काय लिहिलंय, ते बघायचं राहून जातं. आणि ती वही बघण्यासारखी आहे हो.

प्रज्ञापना सूत्र हे चौथं उपांग, श्यामाचार्यांच्या नावावरचं. त्याच्या पहिल्याच पदात जीवांची यादी सुरू होते. मग उमास्वातींचं तत्त्वार्थसूत्र, श्वेतांबर-दिगंबर दोघांनाही मान्य असलेलं. त्याच्या दुसऱ्या अध्यायात कृमीपासून माणसापर्यंत एकेक इंद्रिय वाढत जाण्याचा क्रम अगदी मोजक्या शब्दांत बसवलाय. दिगंबर परंपरेत दहाव्या शतकात नेमिचंद्रांचं गोम्मटसार जीवकांड, आणि श्वेतांबरांकडे अकराव्या शतकात शांतिसूरींचं जीवविचार प्रकरण. हे शेवटचं फक्त ५१ गाथांचं. पाठशाळेत ज्यांनी गाथा केल्या, त्यांना आठवत असेल.

जीवविचारातली नावं वाचताना मला तर वाटतं, कुणीतरी आपल्याच घरात फिरून लिहिलंय. बेइंद्रियांत शंख, कवडी, पोटातले जंत, जळू, गांडूळ. तेइंद्रियांत गोम, ढेकूण, ऊ, मुंगी, मुंगळा, वाळवी, धान्यातला किडा, शेणातला किडा, तुपातली अळी, बारीकसा कुंथू, आणि पहिल्या पावसानंतर मातीत दिसणारा तो लाल मखमली इंद्रगोप. चौरिंद्रियांत विंचू, भुंगा, टोळ, माशी, डास. वाघ-सिंह खूप पुढे येतात. सुरुवात होते ती पाण्याच्या भांड्यापासून, धान्याच्या कोठीपासून आणि अंथरुणापासून.

ही यादी कुणाला रोज लागत होती? साधूंना तर लागतच होती. पण त्यांच्या खालोखाल घरातल्या बाईला. पाणी गाळायचं, गाळण्यात उरलेला संखारा त्याच विहिरीत परत सोडायचा. पीठ किती दिवसांचं चालेल, हे ऋतूप्रमाणे बघायचं. गहू निवडताना सोंडा दिसला तर तो चिरडू न देता सावलीत सोडायचा. माझ्या सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. प्राणिशास्त्र हा शब्दही त्यांनी ऐकला नसेल. पण अंगणातलं कोणतंही किडूक दाखवा, ते कितव्या इंद्रियाचं, हे त्या पोळी लाटता लाटता सांगायच्या. गुजरातेतल्या जुन्या पांजरपोळांत किडलेलं धान्य किड्यांसकट ठेवायची वेगळी खोली असायची, तिला जीवातखाना म्हणत. त्यामागेही हीच यादी.

आता तिकडची वही उघडू. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने प्राण्यांचे रक्त असलेले आणि रक्त नसलेले असे दोन मोठे भाग केले. डॉल्फिन पाण्यात राहतो, पण हवेत श्वास घेतो आणि पिलांना दूध पाजतो, हे त्याने नोंदवलं होतं. त्यानंतर जवळजवळ दोन हजार वर्षांनी स्वीडनचा कार्ल लिनियस आला. १७३५ साली त्याने निसर्गाची यादी छापली, ती जेमतेम बारा-एक पानांची होती. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीपर्यंत तिच्यात चार हजारांवर प्राणी झाले. त्याने प्राण्यांचे सहा वर्ग केले. कोळी, खेकडे, गोम, मुंग्या सगळे 'कीटक' या एकाच खात्यात. आणि कुठेच न बसणारे सगळे 'कृमी' म्हणून एका खात्यात. जळूही तिथेच, गोगलगायही तिथेच. जमाखर्चात आपण 'किरकोळ' नावाचं खातं ठेवतो नं, अगदी तस्सं. वर्षअखेरीला तेच खातं सगळ्यात मोठं झालेलं असतं.

ते किरकोळ खातं फोडायचं काम पुढे पॅरिसमध्ये लामार्कने केलं. १७९३ मध्ये तिथल्या संग्रहालयात त्याला कीटक आणि कृमींचा प्राध्यापक नेमलं. मानाची मोठी जनावरं दुसऱ्यांकडे गेली होती. त्याने खेकडे-कोळंबी वेगळे काढले, कोळी-विंचू वेगळे काढले. मग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या सगळ्यांना मिळून एक नाव मिळालं, ज्याला आपल्या मराठी पुस्तकात संधिपाद म्हणतात. म्हणजे सांधे असलेले पाय आणि अंगावर टणक कवच. दहावीच्या बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'प्राण्यांचे वर्गीकरण' हा धडा आहे. नातवंडांचं पुस्तक हाताशी असेल तर जरूर काढून बघा. वलयी, संधिपाद, मृदुकाय, कंटकचर्मी असं करत करत शेवटी पाठीला कणा असलेल्यांपर्यंत येतो. आपल्या तेइंद्रिय आणि चौरिंद्रिय या दोन खात्यांतले बहुतेक सगळे त्यांच्या संधिपादात एकत्र आलेत.

सस्तन हा शब्द कुठून आला, ते ऐका. आधी युरोपात या प्राण्यांना चतुष्पाद म्हणत. लिनियसने १७५८ मध्ये ते नाव बदलून स्तनांवरून नवं नाव दिलं. केस, कानातली हाडं, असं दुसरं काहीही निवडता आलं असतं, कारण तीही खूण फक्त याच प्राण्यांची. लोंडा शीबिंगर या इतिहास लिहिणाऱ्या बाईंनी या प्रश्नाचा माग काढला. लिनियस डॉक्टर होता. त्या काळात तिकडे श्रीमंत घरांत बाळ अंगावर पाजायला दाई ठेवायची चाल होती. त्याविरुद्ध त्याने १७५२ मध्ये एक पुस्तिका लिहिली. आईने आपलं बाळ स्वतः पाजावं, हा त्याचा आग्रह. सहा वर्षांनी त्याने प्राण्यांच्या एका आख्ख्या वर्गाला तेच नाव दिलं. म्हणजे शास्त्राच्या वहीतही लिहिणाऱ्याच्या घरातलं काहीतरी उतरतंच.

आपल्या तत्त्वार्थसूत्रातही आईकडे बघून केलेला एक भाग आहे. गर्भातून जन्मणारे तीन प्रकारचे: जरायुज म्हणजे वारेच्या वेष्टनात गुंडाळून येणारे, अंडज, आणि पोतज म्हणजे वेष्टनाशिवाय थेट जन्मून लगेच हालचाल करणारे. भाष्यात पोतजांची जी नावं आहेत, त्यांत हत्ती, साळिंदर, ससा, मुंगूस, उंदीर आहेत आणि कातडी पंखांचे पक्षीही आहेत. म्हणजे वटवाघूळ! उडतं म्हणून त्याला पक्षी म्हटलं, पण जन्म मात्र अंड्यातून नाही हे बघितलं आणि सशा-उंदराशेजारी बसवलं. आजचं पुस्तक वटवाघळाला सरळ सस्तनात घालतं. आपल्या जुन्या लोकांचा एक पाय एका खात्यात, दुसरा दुसऱ्यात. मला ते जास्त प्रामाणिक वाटतं. डोळ्यांना जे जे दिसलं, ते त्यांनी लिहून ठेवलं.

पण म्हणून सगळंच दिसलं होतं, असं नाही. पाठशाळेत एका आठवीच्या मुलीने मला विचारलं, "आँटी, मुंगीला डोळे असतात. आम्ही शाळेत भिंगातून बघितले. मग ती तेइंद्रिय कशी?" मुलीचं बरोबर आहे. बहुतेक मुंग्यांना डोळे असतात, काही तर आकाशातल्या उजेडावरून वाट शोधतात. औषधी जळूला डोळ्यांच्या पाच जोड्या असतात आणि आपल्याकडे ती बेइंद्रिय. काही जण यावर सांगतात की शास्त्रातली मुंगी वेगळी होती. मला असली ओढाताण आवडत नाही. त्या मुलीला मी म्हटलं, बेटा, भिंगातून दिसतात ते डोळे खरे आहेत, ते वहीत लिही.

दुसरीही एक गोष्ट तशीच. आपल्या यादीत बेइंद्रिय ते चौरिंद्रिय सगळे संमूर्च्छिम, म्हणजे आई-बापाशिवाय आपोआप उत्पन्न होणारे. यात फक्त आपलेच लोक होते असं नाही, सगळ्या जगाला तसंच वाटत होतं. इटलीच्या फ्रान्सेस्को रेदीने १६६८ मध्ये मांसाच्या बरण्या घेतल्या, काही उघड्या, काही झाकलेल्या. उघड्यांत अळ्या झाल्या, झाकलेल्यांत नाही, कारण माशा आत शिरून अंडी घालू शकल्या नाहीत. आणि हा समज आपल्यापैकी कुणाला विचित्र वाटत असेल, तर तांदळाच्या सोंड्याचं बघा. मादी दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. दाणा वरून धडधाकट. तुम्ही निवडून, पाखडून, घट्ट झाकणाच्या डब्यात भरता, आणि महिन्या-दीड महिन्याने आत सोंडे फिरत असतात. दोन हजार वर्षांपूर्वी भिंगाशिवाय बघणाऱ्याने दुसरं काय म्हणावं?

दोन्ही वह्यांमधला फरक मला असा दिसतो. शाळेच्या वहीतला प्रश्न आहे, कोण कुणाचं नातलग. आपल्या वहीतला प्रश्न, कुणाला किती कळतं, किती जाणवतं, आणि आपल्या हातून किती दुखेल. आपल्या नाशकात दोन्ही प्रश्न रोजच्या कामाचे आहेत. द्राक्षबागायतदाराला विचारा. वेलीवर लाल कोळी पडला तर तो कीटकांचं औषध मारून भागत नाही म्हणतो, कोळीनाशक वेगळं आणावं लागतं. कारण लाल कोळी मुळात कीटकच नाही, आठ पायांचा, विंचवा-कोळ्यांच्या घरातला. नातं चुकलं तर फवारणीचे पैसे पाण्यात. आपला इंद्रगोपही त्याच घरातला बरं का, आठ पायांचा.

मोठ्या जनावरांवरही आपल्याकडे एक ग्रंथ आहे आणि तो फार कमी जणींना माहीत आहे. मृगपक्षिशास्त्र. तेराव्या शतकातले जैन कवी हंसदेव यांनी संस्कृतात लिहिलेला, सुमारे सतराशे श्लोकांचा. कथा अशी सांगतात की जिनपूरचा राजा शौददेव शिकारीला गेला, जनावरांचं रूप बघून त्याचं मन पालटलं आणि मारण्याऐवजी यांच्याविषयी जाणून घ्यावं असं त्याला वाटलं. मग मंत्र्याने हंसदेवांना बोलावलं. ग्रंथात सिंहाचे सहा प्रकार आहेत, वाघाचे तीन, कोण किती जगतं, कसा आवाज काढतं, माजावर आल्यावर कसं वागतं. हत्ती शंभर वर्षं, उंदीर दीड वर्ष. ही पोथी शतकानुशतकं पडून होती, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिरुपतीच्या विजयराघवाचार्यांना मिळाली आणि १९२७ मध्ये इंग्रजीत आली. मराठीत ती आणण्याचं काम मारुती चितमपल्लींचं, प्रकाशन महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं. सोलापूरचा हा माणूस, जंगलखात्यात नोकरी केली, नवेगावच्या रानात वर्षं काढली, संस्कृत शिकला, २००६ मध्ये सोलापूरच्याच साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. आपल्या घरच्या ग्रंथाची ओळख आपल्याला एका वनाधिकाऱ्याने करून द्यावी, याचं मला थोडं वाईटही वाटतं.

आणि आता एक बाई. मारिया सिबिला मेरियन. जन्म १६४७, फ्रँकफुर्ट. तेराव्या वर्षी तिने रेशमाचे किडे पाळायला सुरुवात केली. पुढे लग्न, दोन मुली, संसार. त्यातच डब्या-डब्यांतून अळ्या पाळायच्या, कोणती अळी कोणतं पान खाते ते लिहायचं, कोशातून काय निघतं त्याचं चित्र काढायचं. १६७९ मध्ये तिचं अळ्यांवरचं पुस्तक आलं. अंडं, अळी, कोश, पतंग, आणि ती अळी जे खाते ते झाड, सगळं एकाच चित्रात. बावन्नाव्या वर्षी धाकट्या मुलीला घेऊन जहाजाने दक्षिण अमेरिकेत सुरिनामला गेली, किडे बघायला! विद्यापीठाची पायरी तिने कधी चढली नव्हती.

मेरियनच्या त्या चित्रांमुळे लोकांना स्पष्ट दिसलं की अळी आणि पतंग एकच जीव आहे. आपल्या जुन्या यादीत इळिका, म्हणजे अळी, तेइंद्रियात आहे आणि पतंग चौरिंद्रियात. पण यादी कुठलीही घ्या, रेशमाचा किडा त्रसजीव आहे, याबद्दल दोन मतं नाहीत. पतंग कोश फोडून बाहेर आला तर धागा तुटतो, म्हणून तो आत असतानाच कोश उकळतात किंवा वाफेवर धरतात. एका साडीला कोश लागतात ते हजारोंनी.

आणि येवला आपल्याच जिल्ह्यात. लग्न ठरलं की पहिली खरेदी पैठणीची. शिवाय पूजेला रेशीम शुद्ध, ही समजूत आपल्याच घरांत पिढ्यानपिढ्या चालत आलेली. पाणी गाळून पिणारी, मुंगीला वाट सोडणारी आपण बाई देरासरात रेशीम नेसून उभी राहते, आणि कपाटात बघताना ती यादी आपल्याला आठवत नाही. हल्ली बऱ्याच साधू-साध्वीजी याविषयी स्पष्ट बोलतात, ते ऐकून काही जणींना रागही येतो. विणकराच्या पोटाचं काय, हा प्रश्न खरा आहे. पैठणी विणण्याची कला सुताच्या धाग्यावरही चालते, आणि हैदराबादच्या कुसुमा राजय्यांनी पतंग बाहेर पडू दिल्यानंतरच्या कोशातून धागा काढून दाखवलाय, हेही खरं आहे. तो धागा थोडा जाडसर आणि महाग.

माझ्याकडे दोन पैठण्या आहेत, एक लग्नातली, एक मुलाच्या लग्नातली. त्या टाकून देऊन कुणी परत जिवंत होणार नाही. नवीन घेत नाही. येत्या डिसेंबरात घरात लग्न आहे, सुनेने येवल्याच्या एका विणकराकडे सुती पैठणीची चौकशी केली आहे. काठ-पदर तोच येईल म्हणाले, मोर-पोपटासकट.